दिवंगत अध्यक्षांचा नंबर सतरावा

माझे सासरे शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले की जावई बँकेत आहे. मी बँकेत नव्हतो. मी सहकार खात्यात निरीक्षक होतो. तीनदा त्यांना समजावून सांगितलं. चौथ्यांदा एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारलं, तेव्हा मीच म्हणालो, हो, बँकेत आहे. आता निवृत्त झालोय, सासरेही नाहीत, तेव्हा निदान तुम्हाला तरी खरं ते सांगतो.

चार माणसं एकत्र येऊन सोसायटी काढतात. कोणी दुधाची, कोणी घरांची, कोणी संत्र्यांची. या माणसांनी वर्षातून एकदा आमसभा घ्यावी, ठराव लिहून ठेवावेत, ठरल्या वेळी निवडणूक घ्यावी आणि मधल्या काळात एकमेकांची डोकी फोडू नयेत, हे पाहणं म्हणजे माझी नोकरी. पाहणं, एवढंच. घर सौंसरला, ऑफिस पांढुर्ण्याला, आणि मधली सगळी गावं मोटरसायकलवर. हे सगळं हिंदी राज्याच्या हद्दीत, म्हणून खात्याचे कागद हिंदीत, माणसं मराठीत, आणि भांडण ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत.

या नोकरीत नमुने पुष्कळ भेटले. बोरगावच्या पलीकडे एक मच्छीमार सोसायटी होती. तिचा तलाव तीन वर्षं कोरडा होता, तरी सभा वेळेवर होत. एका वर्षी त्यांनी ठराव केला की यंदा लहान मासे धरले, पुढच्या वर्षी मोठे धरावेत. मी सही करून मोकळा झालो. तलाव आहे की नाही हे पाहणं माझ्याकडे नव्हतं, सभा झाली की नाही एवढंच होतं.

पण आज मला वेगळंच सांगायचं आहे. टीव्हीवर अधूनमधून दाखवतात. कुठल्यातरी दूरच्या देशात राजवट पडली, लोक पुतळ्यावर चढले, राजवाड्यातल्या पलंगावर लोळून फोटो काढले. मग कोट घातलेले चार जण गोल टेबलाशी बसतात आणि विचारतात, आता तिथं लोकशाही टिकेल का? मी सोफ्यावरून उत्तर देतो. आमची ही म्हणते, ते तुम्हाला नाही विचारून राहिले. पण मला अनुभव आहे म्हणून मी बोलतो. एक राजवट मी स्वतः पाडली आहे. चुकून पाडली, पण पाडली.

तिगावच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर मला तिकडं जायची सोय राहणार नाही, आणि तिथल्या संत्र्यांशिवाय माझा हिवाळा जात नाही. तिथं संत्रेवाल्यांची एक सोसायटी आहे, त्रेचाळीस सभासदांची. सोसायटीची एक टिनाची शेड, तिला लागून सभेचा हॉल, आणि शेडमध्ये एक यंत्र. एका बाजूनं झाडावरची मातकट संत्री टाकायची; यंत्र ती धुतं, पुसतं, चकाकी आणतं आणि लहान-मोठी वेगळी करतं. दुसऱ्या बाजूला कॅरेट भरायचे, ट्रक नागपूरला. ज्याच्याकडे हजार झाडं आहेत तो स्वतःचं यंत्र आणू शकतो. ज्याच्याकडे ऐंशी झाडं आहेत त्याला ही शेड नसेल तर व्यापारी बागेत येऊन जो भाव बोलेल तोच खरा. म्हणून शेडमध्ये पाळी कधी लागते, यावर त्या गावात माणसांचा रक्तदाब ठरतो.

आणि पाळी ठरवत गुलाबराव. वीस-बावीस वर्षं तेच अध्यक्ष. उंचपुरे, पांढराशुभ्र सदरा, खिशाला दोन पेन, दोन्ही बंद. शेडची किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. सोसायटीचा माईक त्यांच्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात. दरवर्षी पहिली संत्री त्यांची, मग त्यांच्या सोयऱ्यांची, मग बाकीच्यांची. कोणी कुरकुर केली तर गुलाबराव त्याला काही बोलत नसत. फक्त त्याची पाळी आली की यंत्र बिघडे. त्याची संत्री मऊ पडेपर्यंत बिघडलेलंच राही आणि मग आपोआप बरं होई.

त्यांची आमसभा मी अकरा वर्षं पाहिली. मोरेश्वर नावाचे सचिव होते. ते वीस-एकवीस विषय एका सुरात वाचत; थांबले की हॉल म्हणे, मंजूर. कोणी ऐकत नसे. सगळ्यांचं लक्ष मागच्या दाराकडे, कारण तिकडं कढईत आलूबोंडे तळून होत आणि शेवटचा विषय मंजूर झाल्याशिवाय ते आत यायचे नाहीत, हा गुलाबरावांचा नियम. विषय जितक्या लवकर मंजूर, बोंडा तितका गरम. पहिला द्रोण माझ्यासमोर येई. मी दोन बोंडे खाऊन अहवालात लिहीत असे, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

तर झालं असं. एका वर्षी ऑफिसनं सांगितलं की सगळ्या सोसायट्यांना विषयपत्रिकेचा छापील नमुना द्या. माझ्या पिशवीत दोन नमुने होते. एक साधा. दुसरा मी लोधीखेड्याकडच्या एका दूध सोसायटीसाठी मुद्दाम तयार केला होता, कारण त्यांचे अध्यक्ष नुकतेच वारले होते. मोटरसायकलवरून वाकून मी मोरेश्वरांच्या हातात न बघता एक कागद दिला आणि पुढे निघून गेलो.

सभेच्या दिवशी मोरेश्वरांनी नेहमीच्या सुरात वाचायला सुरुवात केली. विषय तिसरा, दिवंगत अध्यक्ष श्री गुलाबराव यांना श्रद्धांजली, दोन मिनिटं उभं राहून मौन. मंजूर. सगळे उभे राहिले. गुलाबरावही उभे राहिले, मान खाली घालून, हात जोडून. मीही उभा राहिलो. मला वाटलं, गावात कोणी गेलं असेल. विषय चौथा, अध्यक्षपद रिक्त झाल्यामुळे विभागाच्या देखरेखीत नवीन निवडणूक घेण्यात यावी. मंजूर. बोंडे आले. ठरावाखाली गुलाबरावांनी तिसरा पेन मागून घेऊन सही केली, मी माझी केली, आणि मोरेश्वरांनी त्याच दुपारी तो ठराव कॉम्प्युटरवर चढवला.

पुढे मी मोरेश्वरांना एकांतात विचारलं की बाबा रे, तुम्ही जिवंत माणसाचं नाव कसं लिहिलं. ते शांतपणे म्हणाले, "रिकामी जागा होती जी, भरली." वीस वर्षं तो माणूस गुलाबरावांच्या हाताखाली होता. हे त्यांनी चुकून केलं की समजून, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही.

ऑफिसात त्या वेळी एक नवे साहेब आले होते, नियमाचे पक्के. मी घाबरत घाबरत चूक कबूल केली. त्यांनी ठराव दोनदा वाचला आणि म्हणाले, ठराव एकमतानं आहे, सही स्वतः अध्यक्षांची आहे, तेव्हा निवडणूक होणार. मी म्हटलं, साहेब, पण ते जिवंत आहेत. ते म्हणाले, तो आपल्या विभागाचा विषय नाही. मलाच प्रशासक नेमलं आणि बजावलं की संत्र्यांची तोड सुरू व्हायच्या आत निवडून आलेली समिती बसली नाही तर सोसायटी बंद होईल आणि यंत्र दुसरीकडे जाईल. माझ्या निवृत्तीला चार महिने होते. छत्तीस वर्षं मी फक्त पाहिलं होतं. पहिल्यांदाच काहीतरी करायचं होतं, आणि तेही माझ्याच घोळामुळं.

किल्ली घ्यायला गेलो तेव्हा गुलाबरावांनी काही आरडाओरडा केला नाही. ओसरीवर बसून ते तो कागद उलटसुलट करून पाहत होते. त्यांच्या बायकोनं, विमलाबाईंनी, चहा आणला. गुलाबराव म्हणाले, "साहेब, माह्याच सभेत, माह्याच सहीनं मी मेलो. आन् दोन मिनिटं उभाबी राह्यलो." विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि घाईघाईनं आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

आता स्वातंत्र्य आलं म्हटल्यावर लोक नाचतील असं मला वाटलं होतं. कोणी नाचलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच-सात सभासद गुलाबरावांच्या ओसरीवर गेले आणि त्यांनी विचारलं की तुम्ही पडले म्हणतात, तर आता आम्ही काय करावं. सोसायटीचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात फक्त गुलाबरावच लिहू शकत. मी तो सगळ्यांसाठी मोकळा केला. संध्याकाळपर्यंत त्यात फुलांसकट सुप्रभाताचे अडीचशे फोटो, एका बकरीची जाहिरात आणि दोन जावांचं भांडण आलं. रात्री जेवायच्या आधी डोमाजी नावाच्या म्हाताऱ्यांनी मला फोन केला. म्हणाले, गुलाबरावाले परत आणा, पण आधी हे टिंगटिंग बंद करा.

मी ठरवलं, लोकांना शिकवायला पाहिजे. नाही म्हणायची सवयच मोडली आहे, तेव्हा सराव घेऊ. सरावाची सभा बोलावली. नीट समजावलं की मी मुद्दाम एक वेडगळ ठराव मांडतो, तुम्ही त्याला विरोध करायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, उद्यापासून प्रत्येक सभासदानं डोक्यावर रिकामा कॅरेट घेऊन गावात फिरावं. हॉल म्हणाला, मंजूर. मोरेश्वरांनी लिहूनही घेतलं. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडजवळ मोटरसायकल लावली तर डोमाजी आणि त्यांचे व्याही डोक्यावर कॅरेट घेऊन चहा पीत होते. डोमाजींना हे नवीन सरकार गुलाबरावांपेक्षा कडक वाटलं. तो ठराव रद्द करायला मला दुसरी सभा घ्यावी लागली, आणि रद्द करायचा का विचारल्यावर उत्तर काय आलं ते सांगायला नको.

मग मला वाटलं, दोष बोंड्याचा आहे. म्हणून पुढच्या सभेत बोंडे आधी वाढले. बोंडे खाऊन निम्मे लोक घरी गेले आणि सभेला माणसं कमी पडली. आमच्या कायद्यात याला गणपूर्ती म्हणतात, म्हणजे ठराव करायला निदान इतकी डोकी हजर हवीत. डोकी होती, पण ती आपापल्या घरी झोपली होती.

अर्ज भरायच्या दिवशी गुलाबराव सगळ्यात आधी आले. नेमका त्यांच्याच एका जुन्या सोयऱ्यानं आक्षेप घेतला की सोसायटीच्या ठरावाप्रमाणे हे दिवंगत आहेत, दिवंगत माणूस उभा राहू शकतो का. आक्षेप लेखी होता, म्हणून मला निकाल देणं भाग होतं. पेन्शनवाले दरवर्षी देतात तसा जिवंत असल्याचा दाखला मी गुलाबरावांकडून मागितला. ते पांढुर्ण्याला जाऊन रांगेत उभे राहून दाखला घेऊन आले आणि माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "घ्या. हाय मी." मी तो अर्जाला टाचला.

दुसरा अर्ज सिंधूबाईंचा. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, विहाराजवळ घर, ऐंशी झाडांची बाग. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. आतापर्यंत सभेत त्या शेवटच्या ओळीत बसत. मला त्यांची काळजी वाटली. मी समजुतीच्या सुरात म्हटलं की बाई, विचार करा, गुलाबरावांच्या समोर उभं राहायचं म्हणजे खेळ नाही, उद्या तुमच्या संत्र्यांचं काही झालं तर. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, तो नीट सरळ केला आणि म्हणाल्या, "साहेब, माह्या मालकानं एकदा सभेत हात वर केला होता. त्याइचे संत्रे नऊ दिवस या शेडीत पडून राह्यले. सडले. ते सडत होते तवाच्या सभेत तुम्ही तिथं, त्या खुर्चीवर बसून बोंडे खाऊन राह्यले होते."

मला ते वर्ष आठवलं. शेडच्या कोपऱ्यातून आंबूस वास येत होता, तोही आठवला. मी विचारलं होतं हा वास कसला, कोणीतरी म्हणालं मशीन बिघडली आहे, आणि मी लिहिलं होतं, खेळीमेळीच्या वातावरणात. नोकरीत मी कधी कोणाचा पैसा खाल्ला नाही, याचा मला मोठा अभिमान होता. बोंडा मी मोजलाच नव्हता. त्या दिवशी मला फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

नियमानं आधी संचालक निवडायचे आणि मग त्यांच्यातून अध्यक्ष, पण तो गुंता सांगत बसत नाही. अध्यक्षपदाची लढत गुलाबराव आणि सिंधूबाई अशी होती एवढं लक्षात ठेवा. दोघांनाही चिन्ह म्हणून संत्रं पाहिजे होतं. शेवटी मी संत्रंच बाद केलं. गुलाबरावांना घागर मिळाली, सिंधूबाईंना सूप.

प्रचार म्हणजे शपथा. गुलाबरावांनी सभासदांना गाडीत भरून जामसांवलीच्या मारोतीसमोर नेलं आणि घागरीची शपथ घ्यायला लावली. दोन दिवसांनी सिंधूबाईंच्या बाजूच्या एका उत्साही माणसानं त्याच लोकांना त्याच गाडीत नेऊन सुपाची शपथ दिली. लोक दोन्ही वेळा आनंदानं गेले. दर्शन होत होतं, वाटेत नाश्ता होता. सिंधूबाईंना हे कळलं तेव्हा त्या माणसावरच त्या चिडल्या. त्या स्वतः फक्त घरोघर गेल्या आणि एवढंच सांगून आल्या की निवडून आली तर पाळी चिठ्ठीनं लागेल, आणि ज्याची चिठ्ठी जशी निघेल तशी. एका घरी त्यांना विचारलं की गुलाबराव ऐकतील का. त्या म्हणाल्या, विहारात भोजनदानाला चारशे पानं उठतात, तिथं सरपंचही रांगेत असते.

मतदान गुप्त असतं, हे मी आठवडाभर सांगत होतो. पडदा लावला, पेटी ठेवली. डोमाजी ठप्पा मारून बाहेर आले आणि दारात उभ्या असलेल्या गुलाबरावांना मोठ्यानं म्हणाले, "सुपावर मारला ना जी. बराबर हाय ना?" गुलाबरावांचा चेहरा पाहून म्हातारा घाबरला आणि परत आत जायला निघाला. त्याला थोपवता थोपवता माझा चष्मा पडला.

मोजणी झाली. सिंधूबाईंना तेवीस, गुलाबरावांना एकोणीस, आणि एक मत बाद, कारण त्यावर ठप्प्याऐवजी पेनानं मंजूर असं लिहिलं होतं. मी निकाल वाचला. गुलाबराव उठले, सदरा नीट केला आणि जुन्या करड्या आवाजात म्हणाले, ज्यायनं मले मत नाही देलं त्यायनं हात वर करा. गुलाबरावांनी हात वर करा म्हटलं की करायचा, ही वीस वर्षांची सवय. बेचाळीस हात वर गेले. बायकांच्या ओळीत विमलाबाईंचाही होता. गुलाबराव त्या हातांकडे पाहून तडक घरी गेले. सिंधूबाईंचा हातसुद्धा वर होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही, शेजारणीनं घेतला.

टीव्हीवरचे कोटवाले इथपर्यंत आले की खूश होतात. निवडणूक झाली म्हणजे झालं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मत देताना पडदा असतो. पाळीच्या दिवशी पडदा नसतो. माणूस समोर उभा असतो, त्याचा ट्रॅक्टर समोर उभा असतो. गुलाबराव पहिल्या दिवशी रांग मोडून आत आले आणि कोणी काही बोललं नाही, तर त्या तेवीस मतांचा उपयोग शून्य. मग पुन्हा वीस वर्षं तेच.

चिठ्ठ्या दुरडीतून काढल्या. गुलाबराव आलेच नाहीत. त्यांच्या वाटची चिठ्ठी विमलाबाईंनी काढली. सतरावा नंबर निघाला. त्यांनी तो घरी नेला आणि, नंतर कळलं, भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवला.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडच्या संत्र्यांची, तोड सुरू झाली आणि यंत्र चालू व्हायचा दिवस आला. माझं प्रशासकपद संपलं होतं, शिक्का ऑफिसात जमा केला होता, तरी मी गेलो. शेडसमोरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. ट्रॉल्या, दोन छोटे टेम्पो, डोमाजींची बैलगाडी. सिंधूबाईंनी खोक्याचे पुठ्ठे फाडून त्यावर नंबर लिहिले होते. त्या दारात उभ्या होत्या. त्यांच्यासाठी अध्यक्षांची मोठी खुर्ची आणून ठेवली होती, तिच्याकडे त्या पाहतही नव्हत्या. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

चौथा नंबर चालू होता तेव्हा मागून गुलाबरावांचा ट्रॅक्टर आला. भोंगा वाजला नाही, त्याची गरजच नव्हती. रांगेतल्या गाड्या आपोआप बाजूला सरकायला लागल्या. एका टेम्पोवाल्यानं इतकी अदब दाखवली की मागचं चाक नालीत गेलं. ट्रॅक्टर शेडच्या दाराशी येऊन थांबला. यंत्र चालवणाऱ्यानं यंत्र बंद केलं आणि चौथ्या नंबरची संत्री उचलून बाजूला ठेवायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गुलाबराव वरूनच म्हणाले, "लावून राह्यलो गाडी."

सिंधूबाई दारातून हलल्या नाहीत. "भाऊ, तुमचा नंबर सतरावा हाय. आता चवथा चालू हाय."

"माहे संत्रे उन्हात हायेत."

"सगळ्याइचेच उन्हात हायेत, भाऊ." त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

रांगेतली सगळी माणसं जमिनीकडे पाहत होती. गुलाबरावांनी सिंधूबाईंकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं ते सभेत असंच माझ्याकडे पाहत आणि मी वहीत पाहत असे. त्या दिवशी माझ्या हातात वही नव्हती. मी म्हटलं, "गुलाबराव, सतरावा." छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी केलेलं हे सगळ्यात धाडसाचं भाषण.

मग रांगेतून कोणीतरी खोकललं. बैलगाडीवरून डोमाजी हळूच म्हणाले, हौ, सतरावाच हाय, मी सोळावा हावो ना. दुसरा कोणी म्हणाला, माहा नववा. तिसऱ्यानं पुठ्ठा वर केला. बघता बघता सगळेच आपापले नंबर सांगायला लागले, शाळेत हजेरी द्यावी तसे. यंत्रवाल्यानं चौथ्या नंबरची संत्री परत उचलली.

मग गुलाबरावांनी ट्रॅक्टर मागे घ्यायला सुरुवात केली. भरलेली ट्रॉली अरुंद रस्त्यावर उलटी नेणं ही सोपी गोष्ट नाही, आणि गुलाबरावांना मागं जायची सवयही नव्हती. एकोणीस माणसं एकाच वेळी डावीकडे, उजवीकडे सांगत होती. अर्धा तास लागला. एक कुंपण पडलं, नालीतला टेम्पो आणखी आत गेला. पण ट्रॉली डोमाजींच्या बैलगाडीमागे जाऊन लागली. डोमाजींनी चंचीतली सुपारी पुढे केली आणि गुलाबरावांनी ती घेतली.

मला वाटलं, हे सक्तीचं आहे, सावली फिरली की माणूसही फिरेल. दुपारी गुलाबरावांचा भाचा आला, मिशीवाला ठेकेदार, स्वतःची ट्रॉली घेऊन. मामा रांगेत आहेत म्हटल्यावर तो सरळ त्यांच्या पुढे जाऊन लावायला लागला. गुलाबराव ट्रॅक्टरवरून उडी मारून खाली उतरले. या वयात त्यांनी अशी उडी मारलेली मी पाहिली नव्हती. ते दोन्ही हात पसरून भाच्याच्या गाडीसमोर उभे राहिले आणि असे गरजले की यंत्राच्या आवाजातही शेडच्या आत ऐकू आलं.

"नंबर दाखव."

"मामाजी, मी हावो ना."

"तू अठरावा हायेस. सतरावा मी हावो. माह्यापुढं डोमाजी हाय, त्याच्या मागं मी, माह्या मागं तू. गाडी मागं घे, नाही त बाईले सांगतो."

भाच्यानं गाडी मागं घेतली. दारात उभ्या सिंधूबाईंनी ते सगळं पाहिलं. त्यांनी यंत्रवाल्याला हातानं खूण केली, चालू दे. मग मागे वळून त्यांनी ती मोठी खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसून पाणी मागितलं.